‘गोळ्या कमी केल्या, मंग बरी कशी होईल?’ : बॉर्डरलाईन या मनाच्या आजाराबद्दल तुमची पत्रं

प्रश्न : ताई नमस्कार. आमचं गाव आर्वी तालुक्यात, घरी कापूस-तुरीची शेती. लहान बहीण 21 वर्षांची, बी.ए.ला आहे. दोन वर्षं झाले तिचं काही समजूनच नाही राहिलं. सकाळी म्हणते दादा तुझ्यासारखा कोणी नाही, अन् संध्याकाळी मी फोनवर दुसऱ्याशी बोलत बसलो एवढ्यावरून म्हणते तुम्हाले मी नकोच आहे, मंग भांडे फेकते, दार लावून घेते, हातावर चिरा पाडून घेते. मैत्रिणीनं मेसेज वाचून उत्तर नाही दिलं तर दिवसभर जेवत नाही. दुसऱ्या दिवशी एकदम नॉर्मल. आईनं बाहेरचं समजून देवाले नेलं, काकू म्हणते लग्न लावा, सुधरते. एका डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यानं बायपोलर सांगितलं, आता नागपूरच्या डॉक्टरनं बॉर्डरलाईन पर्सनॅलिटी डिसऑर्डर लिहून दिलं अन् गोळ्या उलट कमी केल्या. गोळ्या कमी करून आजार बरा कसा होईल? अन् हे बरं होते का?

उत्तर : दादा, शेवटच्या ओळीपासून सुरू करते, कारण तुमचा जीव तिथंच अडकलाय. हो, बरं होतं, आणि बहुतेकांचं होतं. अमेरिकेत बोस्टनजवळच्या मॅक्लीन हॉस्पिटलमध्ये संशोधक मेरी झनारिनी यांनी हा आजार असलेले 290 पेशंट दहा वर्षं तपासत ठेवले, हे सगळे अॅडमिट व्हायची वेळ आलेले पेशंट होते, हलके नव्हते, तरी त्यातल्या 93 टक्के लोकांची लक्षणं किमान सलग दोन वर्षं तरी आजार म्हणता येणार नाही इतकी कमी झाली. मात्र शिक्षण-नोकरी, जवळची नाती असं सगळंच नीट बसलेले निम्मेच होते. म्हणजे स्वतःला इजा करणं आधी थांबतं, आयुष्य रुळावर यायला जास्त वेळ लागतो. म्हणून तिचं बी.ए. सुटू देऊ नका, हे मुद्दाम सांगते.

आता तिला होतं काय ते. आपल्याला जे चिमटा घेतल्यासारखं लागतं ते तिला कातडी सोललेल्या जागी मीठ लागल्यासारखं लागतं, आणि शांत व्हायलाही तिला आपल्यापेक्षा खूप जास्त वेळ लागतो. त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच भीती असते की आपलं माणूस आपल्याला सोडून जाणार. तुम्ही दुसऱ्याशी बोलत बसलात, तिच्या मनानं तिथंच निकाल लावला की दादा गेला. डॉक्टर लोक नऊ लक्षणं पाहतात, त्यातली पाच तरी असावी लागतात आणि ती बरीच वर्षं, बऱ्याच ठिकाणी दिसावी लागतात. सोडून जाण्याची भीती, माणूस कधी देव तर कधी दुश्मन वाटणं, मी कोण आहे हेच पक्कं नसणं, आतून रिकामं रिकामं वाटणं, आवरत नाही असा राग, विचार न करता काहीही करून बसणं, स्वतःला इजा, तासातासाला बदलणारं मन, आणि फार ताणात कोणीतरी आपल्या वाईटावर आहे असं वाटणं नाहीतर स्वतःपासूनच तुटल्यासारखं होणं. दोन-चार भांडणांवरून कोणाच्या पोरीवर हे नाव चिकटवू नका, ते काम डॉक्टरचं.

बायपोलर का वाटलं असेल तेही सांगते, कारण ही गल्लत खूप होते. बायपोलरमध्ये मन चढलं की दिवसच्या दिवस चढलेलं राहतं, तीन तास झोपूनही माणूस ताजातवाना असतो आणि त्याला कारण लागेलच असं नाही. तुमच्या बहिणीचं काही तासांत बदलतं आणि प्रत्येक वेळी मागे कोणीतरी माणूस असतं, एखादं वाक्य, एखादा न आलेला मेसेज. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात, म्हणून डॉक्टरला हे वेळेसकट सांगायचं, किती वाजता सुरू झालं, काय झालं होतं, किती वेळ टिकलं.

गोळ्यांचं म्हणाल तर तुमच्या नागपूरच्या डॉक्टरनं बरोबर केलं. बॉर्डरलाईन स्वतः बरं करणारी, त्यासाठीच मंजूर झालेली एकही गोळी जगात नाही. उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या इंग्लंडच्या नाईस या संस्थेनं तर 2009 मध्येच डॉक्टरांना सांगितलं की खास या आजारासाठी म्हणून औषधं देऊ नका. सोबत डिप्रेशन असेल, फार घबराट असेल तर त्याच्या गोळ्या लागतात आणि त्या घ्यायच्याच. पण झोपेच्या गोळ्यांची सवय लागते, आणि काही जणांचा तर स्वतःवरचा ताबा त्यांनी आणखी सुटतो. फक्त कोणतीच गोळी घरच्या घरी अचानक बंद करू नका, विचारून हळूहळू.

मुख्य उपचार बोलण्याचा आहे, आणि बोलण्याचा म्हणजे नुसत्या गप्पा नाही. अमेरिकेत सिअॅटलच्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) नावाची पद्धत बसवली, 1991 मध्ये त्याचे पहिले निकाल छापून आले. आठवड्याला एकदा एकटीशी बसणं, एकदा ग्रुपमध्ये शिकणं, मधे वादळ आलं तर थेरपिस्टला फोन, असं साधारण वर्षभर चालतं. त्यात शिकवतात काय, तर आलेली भावना ओळखायची, दुखणं आणखी न वाढवता ती वेळ काढायची, माणूस न तोडता आपलं मागणं मागायचं. आणि ज्या बाईनं हे बसवलं ती स्वतः पोरवयात हॉस्पिटलात होती, स्वतःला इजा करायची, हे तिनं 2011 मध्ये जगासमोर सांगितलं. तुमच्या बहिणीला हे जरूर सांगा.

आता आर्वीत डीबीटी कुठून आणायची, हा प्रश्न खरा आहे. पूर्ण डीबीटी करणारे आपल्याकडे मोठ्या शहरातच, काही जण ऑनलाईन घेतात. पण धीर सोडू नका, कॅनडात टोरांटोला 180 पेशंटवर तुलना झाली, 2009 मध्ये छापून आली, एका गटाला डीबीटी, दुसऱ्याला या आजाराची नीट माहिती असलेल्या डॉक्टरचे साधे पण नियमित, ठरलेल्या दिवसाचे उपचार, आणि वर्षअखेर दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. म्हणून माझं मत असं की फॅन्सी नाव शोधत फिरण्यापेक्षा एक डॉक्टर किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट धरा आणि वर्षभर सोडू नका. तुम्हाला सेवाग्रामचं, सावंगीचं मेडिकल कॉलेज आहे, वर्ध्याच्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग विचारा. पंधरवड्यातून एकदा एसटीनं जाणं जमलं तरी पुष्कळ. मधल्या काळात टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, 14416, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

लग्न लावून हे सुधरत नाही. नवं घर, नवी माणसं, नातं तुटायची भीती तिथं दहापट, आणि कोणी समजून घेणारं नाही. काकूला मी सांगितलं म्हणून सांगा. आईनं देवाला न्यावं, माझी हरकत नाही, पण मारहाण, उपाशी ठेवणं, अंगारे-धुपारे करून गोळ्या बंद करणं यातलं काही होऊ देऊ नका. आणि दोष कोणाचा हे शोधत बसू नका. काही जण जन्मतःच जास्त हळवे असतात, काहींवर लहानपणी अत्याचार झालेले असतात, काहींचं रडणं घरात कायम ‘नाटक’ म्हणून उडवलेलं असतं, काहींच्या बाबतीत यातलं काहीच सापडत नाही.

प्रश्न : बायकोले हाच आजार सांगितला आहे. भांडण झालं की म्हणते औषध पिऊन घेईन. फवारणीच्या बाटल्या कोठ्यातच असतात. सासरे म्हणतात धमकी देते, लक्ष देऊ नको. लक्ष दिलं तर वाढते, नाही दिलं तर भीती वाटते. काय करू? (दारव्हा तालुका)

उत्तर : भाऊ, हे वाचून खाली ठेवायच्या आधी त्या बाटल्या कुलपात घाला, आणि चावी घरात नको, शेजारच्या घरी ठेवा. जमलं तर औषध घरी आणूच नका, फवारणीच्या दिवशी लागेल तेवढंच आणा. मरायची लाट फार वेळ टिकत नाही, पण त्या वेळात हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. श्रीलंकेनं 1995 पासून सगळ्यात जहरी कीटकनाशकांवर बंदी घालत नेली आणि तिथल्या आत्महत्या खूप उतरल्या. भांडणं काही तिथलीही संपली नव्हती.

धमकी की खरं, हे ठरवायच्या भानगडीत पडू नका. या आजारात जीव जातो, ‘नेहमीच म्हणते’ म्हणणाऱ्यांच्या घरीही जातो. प्रत्येक वेळी खरं धरायचं, पण खरं धरणं म्हणजे ती म्हणेल ते सगळं करणं नाही, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. तिच्याजवळ बसा, आवाज खाली ठेवा, म्हणा की ‘तुले लय त्रास होऊन राहिला हे मले दिसते, मी इथंच आहे, बाकीचं आपण उद्या बोलू.’ त्रास मान्य करायचा, मागणी लगेच मान्य करायची गरज नाही. ‘एवढ्याशा गोष्टीचं काय’ हे वाक्य मात्र तोंडातून काढू नका, त्यानं आग वाढते. आणि शांत असते त्या दिवशी तिच्याकडे जास्त लक्ष द्या, म्हणजे लक्ष मिळवायला वादळच लागतं असं तिला वाटणार नाही.

तरी कधी पिलंच तर 108 ला फोन, नाहीतर मिळेल त्या गाडीनं दवाखाना, बाटली सोबत न्या. मिठाचं पाणी पाजून उलटी करवत बसू नका. पोलीस केस होईल म्हणून लोक घरीच थांबतात आणि माणूस हातचं जातं. हॉस्पिटलात नोंद होते हे खरं, पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 असं आहे की असं करणारं माणूस फार ताणात होतं असं धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही. सासऱ्यांना हे वाचून दाखवा.

प्रश्न : ताई, मीच आहे ती पेशंट. सगळं कळते मले, नंतर रडते, माफी मागते, पण त्या वेळी थांबताच नाही येत. पुढची अपॉइंटमेंट महिनाभरानं आहे. तोपर्यंत काय करू? (मोताळा)

उत्तर : बाई गं, तुला कळतं हीच मोठी गोष्ट आहे, उरलेलं शिकता येतं. वाट पाहू नकोस, यातलं आजच एक करून बघ. लाट आली की बादलीत थंडगार पाणी घे, श्वास धरून तोंड त्यात अर्धा मिनिट बुडव, शरीरच असं आहे की यानं हृदयाचे ठोके मंद होतात आणि डोक्यातला जाळ थोडा उतरतो. हृदयाचा आजार असेल किंवा जेवण फार कमी झालं असेल तर हे नको, दम लागेल असं काहीही नको, त्याऐवजी अंगणात सावकाश चकरा मार. रागातला मेसेज लिही पण पाठवू नको, वहीत लिही, एका तासानं वाच. त्यातला अर्धा तुला स्वतःलाच नको वाटेल. आणि चांगल्या दिवशी एका कागदावर लिहून ठेव, लाट येताना मला आधी काय होतं, मी कुठं जाऊन बसेन, कोणाला फोन करीन, दोन नावं, आणि खाली 14416. मरायचा विचार पक्का होतोय असं वाटलं तर महिना थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखान्यात जायचं आणि घरच्या एकाला तरी सांगायचं. ती वही डॉक्टरकडे घेऊन जा, तोंडानं सांगायला लाज वाटली तर नुसती पुढे कर.