वाचकांचे प्रश्न: झडतीची भीती आणि घरातली मारहाण

प्रश्न: आम्ही फासेपारधी. आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना डांबायच्या सरकारी वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड वाढले, वडिलांनी झडत्यांमध्ये मार खाल्ला. आता भाऊ रोज पिऊन वहिनीला मारतो. ती पोलिसांकडे जायला तयार नाही. नऊ वर्षांचा पुतण्या जीपचा आवाज आला की खाटेखाली शिरतो आणि पूर्वी कोरडा झोपायचा तो आता अंथरूण ओलं करतो. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, बीड जिल्हा)

उत्तर: वहिनीपासून करा. भावाच्या मनात काय साचलंय ते नंतर पाहू. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. 31 ऑगस्ट 1952ला तो रद्द झाला, तरी 1959मध्ये सराईत गुन्हेगारांसाठी आलेल्या मुंबई कायद्याने संशय जिवंत ठेवला. त्यामुळे वहिनी ठाण्याला घाबरते ते उगाच नाही. पण त्याच भीतीच्या आडोशाला भावाचं फावतंय, हेही खरं.

2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात गुन्हा न नोंदवताही दाद मागता येते. महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. ते घटनेचा अहवाल भरून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. त्याची प्रत ठाण्यालाही जाते, हे वहिनीला आधीच सांगा. नंतर कळलं तर तिचा विश्वास उडेल. अर्जात ‘नेहमी मारतो’ एवढंच लिहिलं की तो लंगडा पडतो. तारीख, कशाने मारलं, कुठे लागलं, दवाखान्याचा कागद हे सगळं हवं. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, निकाल 60 दिवसांत अपेक्षित आहे, पण कोर्टात तारखा लांबतात, म्हणून अंतरिम (निकालाआधीचा तात्पुरता) आदेश अर्जातच मागा. जातपंचायत मिटवायला बसली आणि वाळीत टाकायची भाषा झाली, तर 2016च्या सामाजिक बहिष्कार कायद्याखाली तो गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. आधार, जातीचा दाखला, थोडे पैसे आणि मुलाचे कपडे एका पिशवीत भरून शेजारणीकडे ठेवा. जिवावर बेतलं तर मात्र 112 वर फोन.

भावाला ‘उद्यापासून बंद’ अशी शपथ घालू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली की 6 ते 48 तासांत झटके येऊ शकतात. दोन-चार दिवसांत भ्रम, घाम, ताप. यात माणूस दगावतो. जिल्हा रुग्णालयात दाखल करूनच सोडवा आणि रोज किती पितो ते डॉक्टरांना खरं सांगा. प्यालेला असताना वाद घालू नका. शुद्धीवर आला की तोही लहानपणी काय काय पाहून मोठा झाला यावर बोलता येईल, पण त्यासाठी वहिनीने मार सोसत थांबायचं नाही.

पुतण्याची आधी लघवीची तपासणी करून घ्या, बद्धकोष्ठ आहे का तेही विचारा. ओली गोधडी चारचौघांत दाखवून हिणवू नका. तो खाटेखाली गेला तर ओढून काढू नका. शेजारी जमिनीवर बसा, हळू आवाजात आजचा वार सांगा, त्याला दिसणाऱ्या पाच वस्तू मोजायला लावा. श्वास सोडताना लांबवायला शिकवा. ‘यात तुझी काही चूक नाही’ हे त्याला पुन्हापुन्हा ऐकू द्या. महिनाभरात उतार नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे.

प्रश्न: पोलीस कुणाला चौकशीला उचलून नेतात तेव्हा घरच्यांनी काय करायचं?

उत्तर: पहिलं काम, नेल्याची वेळ आणि गाडीचा नंबर लगेच कुणालातरी मोबाईलवर पाठवा. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं, आणि नोंदीत वेळ पुढे सरकवली तर तो मेसेजच उपयोगी पडतो. अटकेचं कारण सांगणं आणि नातेवाइकाला कळवणं बंधनकारक आहे. सूर्यास्तानंतर बाईला अटक अपवादानेच, तीही महिला अधिकाऱ्याने आणि दंडाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने. मोफत वकिलासाठी 15100. अनुसूचित जमातीला, बायकांना आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. तुरुंगातल्या जातिभेदावरच्या 3 ऑक्टोबर 2024च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विमुक्तांना (पूर्वी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना) मनमानी अटक करू नका असं बजावलंय. वकिलाला त्याची आठवण करून द्या.

प्रश्न: आजी सेटलमेंटबद्दल बोलत नाही. विचारू का?

उत्तर: एकदा, दिवसाउजेडी, बाकीचे नसताना. ‘हजेरी कशी घ्यायचे?’ अशा साध्या प्रश्नाने सुरुवात करा, माराचा विषय तुम्ही काढू नका. तिने विषय बदलला तर बदलू द्या, आणि रेकॉर्डिंग तिला विचारल्याशिवाय नको.