इसार घेऊ नका, निदान आत्ता तरी

तासगाव तालुक्यातून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर, डॉक्टर ज्याला एएलएल म्हणतात तो, झाला आहे. परळला टाटा रुग्णालयात दोन महिने उपचार चालू आहेत. ताई मुलाजवळ मुंबईत, मिस्टर गावी बागेवर, मोठी मुलगी आजीकडे. अडीच एकर द्राक्षबागेतली एक एकर शेजारी १८ लाखांना मागतोय, पण इसार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, पंधरा दिवसांत घ्या म्हणतो. घरात २ लाख ४० हजारांची ठेव, आठ तोळे सोनं, कोल्ड स्टोरेजला दीड टन बेदाणा आहे. सोसायटीचं अडीच लाखांचं पीककर्ज आहे. मुंबईत महिन्याला २२ हजार जातात. दीर शेकडा तीननं दोन लाख आणून देतो म्हणतात. सासरे म्हणतात, "लेकरापुढं जमिनीचं काय?" ताई विचारतात, विकू का?

ताई, सासऱ्यांचं खरं आहे, लेकरापुढं जमीन काहीच नाही. पण तुमच्या पत्रात मुलाचा उपचार पैशापायी अडलाय असं कुठं दिसत नाही. घाई आहे ती शेजाऱ्याला, त्याला पंधरा दिवसांत एकर पाहिजे. उभ्या बागेसकट १८ लाख हा अडलेल्या माणसाला दिलेला भाव आहे. वडिलांच्या आजारपणात आम्हीही असेच घाईनं वीस गुंठे विकले होते. त्यातले निम्मे पैसे वर्षभर बचत खात्यात पडून राहिले, आणि ते वीस गुंठे परत काही आले नाहीत.

या आजाराचा उपचार दोन-अडीच वर्षं, कधी त्याहून जास्त चालतो. पहिले काही महिने जोराचे, नंतरचा मोठा काळ गोळ्या आणि तपासण्यांचा. मुलांमधला हा कॅन्सर पुष्कळदा पूर्ण बरा होतो, म्हणून हिशेबही तेवढ्या लांबचा करायचा. पुढचे सहा महिने २२ हजारांनी १ लाख ३२ हजार. त्यानंतरची दोन वर्षं येण्या-जाण्याचे आणि राहण्याचे महिना सात हजार धरले तर १ लाख ६८ हजार. म्हणजे तीन लाख, तेही अडीच वर्षांत, एका दिवसात नाही. दवाखान्याचं बिल यात धरलेलं नाही, त्याकडे येतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, आणि पांढऱ्या रेशनकार्डालाही ती लागू आहे. तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही. बागायतदार म्हणून आपल्याला मिळणार नाही असं धरून चालला असाल तर ते डोक्यातून काढा. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा आणि तिथंच मुक्कामाचंही विचारा. सेंट ज्यूड इंडियाची केंद्रं कॅन्सरच्या मुलांना आई-वडिलांसह मोफत ठेवतात. दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. तुमच्या २२ हजारांत खोलीचं भाडं किती ते तुम्ही लिहिलं नाही, पण सगळ्यात आधी वाचणार ते तेच. महालक्ष्मी एक्सप्रेसनं येत-जात असाल तर कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं तिकीट माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत मिळते. त्याचा फॉर्म रुग्णालयातूनच भरून घ्यावा लागतो.

आता तुमचे पैसे. ठेवीतले दीड लाख बाजूला काढा आणि ते दुसऱ्या कशालाही वापरू नका. केमो चालू असलेल्या मुलाला ताप आला तर सकाळची वाट बघायची नसते, लगेच भरती करावं लागतं. गावी असताना रात्री दोनला मिरजेला पळायची वेळ आली तर तिथं अनामत भरायला कार्डावर पैसे हवेत, बेदाणा नव्हे. उरलेले ९० हजार पहिल्या चार महिन्यांचे. तोवर बेदाण्याचं बघा. निम्मा आत्ताच्या भावानं काढा. उरलेल्यावर बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत ६ टक्क्यांनी सहा महिन्यांचं कर्ज मिळतं का ते मिस्टरांनी विचारावं. सोन्याचा नंबर त्यानंतर. तेही मोडायचं नाही, बँकेत तारण ठेवायचं.

दिरांना हात जोडून नाही म्हणा. शेकडा तीन म्हणजे दोन लाखांवर महिन्याला सहा हजार, वर्षाला ७२ हजार. मुद्दल आहे तिथंच.

अशा वेळी घरं पहिल्यांदा सोसायटी थकवतात, आणि तिथंच चुकतात. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर पंजाबराव देशमुख योजनेमुळे व्याज शून्य पडतं. तेवढं स्वस्त कर्ज तुम्हाला कुणीही देणार नाही. मार्चअखेर चार दिवस सोनं ठेवावं लागलं तरी चालेल, पण नवं-जुनं करून घ्या, म्हणजे जुनं कर्ज फेडून नवं उचला. मिस्टरांना ऑक्टोबर छाटणीच्या वेळी मुंबईला बोलावू नका हेही त्यातच आलं. फेब्रुवारी-मार्चला माल निघाला तरच पुढचं वर्ष निघेल, आणि हे मी जड मनानं लिहितोय, कारण बाप लेकरापासून लांब राहणार आहे.

मोठीच्या नावानं सुकन्या खातं असेल तर हात लावू नका, वर्षाला २५० रुपये भरले तरी ते चालू राहतं.

जमीन कधीच विकायची नाही असं मी म्हणत नाही. आजार उलटला, किंवा डॉक्टरांनी बोन मॅरो ट्रान्सप्लांट सांगितलं आणि योजनेतून खर्च भागेना, तर एक दिवसही घालवू नका. त्यासाठी कागद आत्ताच तयार ठेवा. जमीन वडिलोपार्जित असेल तर नणंदांच्याही सह्या लागतील. गाव नगरपालिकेच्या हद्दीपासून किती लांब ते सीएला दाखवा, कारण ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, शहराला चिकटून असलेल्या जमिनीवर लागू शकतो. आणि तेव्हा शेजाऱ्याबरोबर आणखी दोघा-तिघांना भाव विचारा.

आज संध्याकाळी मिस्टरांना फोन करून एवढंच बघायला सांगा, मुलाचं नाव रेशनकार्डावर चढलंय का. लहान मुलांचं बरेचदा राहून गेलेलं असतं. नसेल तर जन्मदाखला घेऊन उद्याच तहसीलच्या पुरवठा शाखेत.