आकड्याआधीची अक्षरे वाचा : गणपतीतले कोकणचे वेटिंग तिकीट

गणपतीच्या आदल्या दिवशी ठाण्याहून कुडाळला जाण्यासाठी चौघांचे स्लीपरचे ई-तिकीट काढले, त्यावर 'पीक्यूडब्ल्यूएल 38' असा प्रतीक्षा यादीतला क्रमांक आला आहे, सोबत वयस्कर आईवडील आहेत, तर तिकीट कन्फर्म होईल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते होणार नाही, आणि ते होईल असे धरून बेतही आखू नये. असे म्हणण्याचे कारण 38 या आकड्यात नाही, त्याच्या आधीच्या अक्षरांत आहे.

एका गाडीची प्रतीक्षा यादी एकच असते, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात गाडीच्या आरंभीच्या स्थानकापासून, किंवा त्याच्या जवळपासच्या स्थानकांपासून, थेट शेवटापर्यंत जाणाऱ्यांची यादी 'जीएनडब्ल्यूएल' असते आणि बहुतेक बर्थ याच कोट्यात असल्यामुळे रद्द होणारी तिकिटेही इथेच सर्वाधिक असतात. मधल्या एखाद्या मोठ्या स्थानकाला स्वतंत्र वाटा दिलेला असेल, तर तिथली यादी 'आरएलडब्ल्यूएल'. शेवटच्या स्थानकाच्या अलीकडे उतरणारे आणि मधल्या दोन स्थानकांदरम्यान जाणारे, अशा अनेक लहान स्थानकांच्या प्रवाशांना मिळून जो एक छोटा सामायिक कोटा दिलेला असतो, त्याची यादी म्हणजे 'पीक्यूडब्ल्यूएल'. आपल्यापुढचे सदतीस जण या छोट्या कोट्यातून कोणी तिकीट रद्द करील याची वाट पाहत आहेत, आणि गणपतीला गावी जाणारा माणूस तिकीट सहसा रद्द करीत नाही. जीएनडब्ल्यूएल 60 कन्फर्म झालेले आणि आरएलडब्ल्यूएल 4 जिथल्या तिथे राहिलेले, असे दोन्ही मी स्वतःच्याच तिकिटांवर पाहिले आहे.

म्हणून पुढच्या वेळी आरक्षण साठ दिवस आधी उघडते त्याच सकाळी, कुडाळला जायचे असले तरी, त्याच गाडीचे शेवटच्या स्थानकापर्यंतचे, म्हणजे मडगावपर्यंतचे तिकीट कोणत्या कोट्यात मिळते आहे ते पाहावे. ते मुंबईहून काढून चढण्याचे स्थानक ठाणे असे नोंदवता येते. भाडे थोडे जास्त पडते आणि अलीकडे उतरल्याबद्दल परतावा मिळत नाही, पण कन्फर्म बर्थपुढे तो फरक किरकोळ आहे. चढण्याचे स्थानक मात्र आठवणीने बदलावे, नाहीतर मुंबईला आपण न आल्याचे पाहून तिकीट तपासनीस ती जागा दुसऱ्याला देऊ शकतो.

आपल्या बाबतीत खरी अडचण वेगळीच आहे. चौघेही वेटिंगवर राहिले, तर चार्ट, म्हणजे जागावाटपाची अंतिम यादी, लागताच ई-तिकीट आपोआप रद्द होते, पैसे खात्यात परत येतात आणि प्रश्न मिटतो. परंतु चौघांपैकी एकालाच जागा मिळाली, तर तिकीट जिवंत राहते, बाकी तिघांची नावेही चार्टवर येतात, आणि आईला बर्थ पण वडिलांना नाही अशा अवस्थेत घर सोडायचे की नाही हे काही तासांत ठरवावे लागते. न जाण्याचे ठरल्यास गाडी सुटण्याच्या नियोजित वेळेच्या तीस मिनिटे आधीपर्यंत संपूर्ण तिकीट रद्द करावे, म्हणजे कन्फर्म झालेल्या प्रवाशाचेही पैसे किरकोळ शुल्क वजा होऊन परत मिळतात. ती वेळ टळली की हा मार्ग बंद होतो. यासाठीच आईवडिलांचे तिकीट मी नेहमी वेगळे काढतो. खिडकीवरचे वेटिंग तिकीट तर आपोआप रद्दही होत नाही, आणि ते हातात असले तरी आरक्षित डब्यात बसता येत नाही.

आरएसी, म्हणजे निदान बसण्यापुरती जागा, मिळाल्यास मात्र निःशंक जावे. बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांनी बसून प्रवास करायचा असतो. वाटेत एखादा बर्थ मोकळा राहिला, तर त्यावर पहिला हक्क आरएसीवाल्यांचाच असतो.

तत्काळची नोंदणी प्रवासाच्या आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी दहाला आणि स्लीपरसाठी अकराला उघडते. जुलै 2025 पासून त्यासाठी तिकीट काढण्याचे खाते आधारशी पडताळलेले असावे लागते. ते काम आजच उरकून घ्यावे. तत्काळचे वेटिंग तिकीट मात्र घेऊ नये, कारण चार्टच्या वेळी जीएनडब्ल्यूएलला अग्रक्रम मिळतो आणि तत्काळची यादी मागेच राहते.

गणपती स्पेशल गाड्यांच्या घोषणेवर लक्ष ठेवावे, कारण नव्या गाडीचे आरक्षण उघडते तेव्हा सगळेच बर्थ मोकळे असतात. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा 2021 मध्ये दुहेरी झाला, पण पुढे बहुतांशी एकेरी मार्ग असल्याने या गाड्या क्रॉसिंगसाठी रखडतात आणि कुडाळला पोहोचायला दोन-तीन तास उशीर सहज होतो. तेव्हा आईवडिलांची औषधे हाताशी ठेवावीत आणि गावाकडून न्यायला येणाऱ्याला गाडी नेमकी कुठे आहे ते पाहूनच निघायला सांगावे.