चार हजार गाण्यांच्या प्लेलिस्टचा क्रम माउसने न ओढता कसा बदलायचा?

तुमचं म्हणणं असं, की फूबार२००० या संगणकावर गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तळाचं गाणं ओढत वर नेता नेता हात दुखतो, आणि परवा तर सगळा क्रमच आपोआप विस्कटला.

आधी विस्कटण्याचं बघू. तो आपोआप विस्कटत नाही. कॉलमच्या शीर्षकावर चुकून क्लिक झालं की फूबार ती यादी खरोखर नव्याने लावतो, नुसती दाखवत नाही. लगेच कंट्रोल-झेड दाबा, जुना क्रम परत येतो. प्रोग्रॅम बंद करून उघडल्यावर मात्र आशा सोडा. आयट्यून्सचं याच्या उलट आहे: तिथे शीर्षकावरचं क्लिक फक्त देखावा बदलतं, हाताने लावलेला क्रम पहिल्या, आकड्यांच्या कॉलमखाली शाबूत असतो. पण तो कॉलम निवडलेला नसेल तर गाणं ओढता येत नाही, आणि लोक प्रोग्रॅमला शिव्या घालत बसतात.

ओढण्याऐवजी कापा. कंट्रोल धरून हवी ती गाणी निवडा, कंट्रोल-एक्स, मग नव्या जागेच्या गाण्यावर क्लिक करून कंट्रोल-व्ही. डिस्कवरची फाइल हलत नाही, फक्त यादीतली नोंद हलते. मधल्या दीडशे गाण्यांचाच क्रम लावायचा असेल तर तेवढीच निवडा आणि एडिट मेनूत सिलेक्शनखालचा सॉर्ट वापरा, बाकीच्यांना धक्का लागत नाही.

आता मूळ दुखण्याकडे. हा प्रश्न कुठेही विचारा, कोणीतरी ठामपणे सांगतंच, "फाइलच्या नावापुढे ०००१, ०००२ टाका, कटकट मिटेल." हा सल्ला चूक आहे आणि तो खोडून काढण्यात माझी बरीच संध्याकाळ खर्ची पडली आहे. क्रम गाण्याचा नसतो, यादीचा असतो. एकच यमन 'संध्याकाळ' या यादीत १२वा असेल आणि 'भीमसेन जोशी' या यादीत ३४०वा. फाइलच्या नावात यातला कुठला आकडा घालणार? शिवाय नाव बदललं की जुन्या प्रत्येक एम३यू (प्लेलिस्ट साठवायची फाइल) यादीतली ती ओळ मेली, कारण यादीत फाइलचा पत्ता असतो आणि तो नावासकट असतो. फूबारच्या प्रॉपर्टीजमधलं ऑटो ट्रॅक नंबर वापरणारेही त्याच पंक्तीतले. ते टॅगमधला, म्हणजे गाण्याच्या फाइलमध्येच साठवलेल्या माहितीतला, ट्रॅक क्रमांक पुसून नवा लिहितं. प्लेलिस्ट लागते खरी, पण अल्बमचा क्रम कायमचा गेला. चाळीस अल्बम असे 'नीट' केलेला माणूस नंतर तोंड दाखवत नाही.

मोठ्या यादीसाठी एम३यू८, म्हणजे एम३यूचाच यूटीएफ-८ प्रकार, हाच मार्ग. ती साधी टेक्स्ट फाइल असते, एका ओळीत एका गाण्याचा पत्ता, ओळींचा क्रम तोच वाजण्याचा क्रम. प्लेलिस्ट एम३यू८ म्हणून सेव्ह करा, नोटपॅडमध्ये उघडा, ओळी एक्सेलच्या बी कॉलममध्ये चिकटवा. काही प्लेअर प्रत्येक पत्त्याच्या वर # ने सुरू होणारी माहितीची ओळ टाकतात. त्या सगळ्या आधी उडवा, नाहीतर सॉर्ट केल्यावर माहिती एकीकडे आणि गाणं दुसरीकडे. ए कॉलममध्ये १०, २०, ३० असे आकडे भरा. १, २, ३ नको. दोघांच्या मध्ये काही घुसवायचं झालं तर १५ लिहून सॉर्ट करता येतं. सी कॉलममध्ये प्रहर आणि डी कॉलममध्ये राग लिहा, म्हणजे आधी प्रहर, मग राग, मग आकडा असं तीन पातळ्यांवर लावता येईल. झालं की बी कॉलम कॉपी करून नोटपॅडमध्ये परत आणा. सीएसव्ही म्हणून सेव्ह करू नका: पत्त्यात स्वल्पविराम असेल तर भोवती अवतरणचिन्हं येतात आणि प्लेअरला फाइल सापडत नाही. नवी यादी जुनीच्याच फोल्डरमध्ये ठेवा, पत्ते त्या फोल्डरपासून मोजलेले असू शकतात.

नावं देवनागरीत असतील तर सेव्ह करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ हवंच. अँसी या जुन्या पद्धतीत सेव्ह केलंत तर 'यमन'च्या जागी प्रश्नचिन्हं उरतील. आणि क्रम लावण्याआधी नाव लिहिण्याची पद्धत एक करा. यमन, इमन आणि रोमनमधला यमन हे संगणकाला तीन वेगळे राग, तीन वेगळ्या ठिकाणी जाऊन बसतात. ट्रॅक क्रमांक मात्र नेहमी इंग्रजी आकड्यांत ठेवा. देवनागरी आकडा बऱ्याच प्रोग्रॅमना नुसतं अक्षर वाटतो, मग १० येतो २ च्या आधी.

एवढं बोलून झाल्यावर एक कबुली द्यायला हवी. गाडीतल्या स्टिरिओला पेनड्राइव्ह लावणार असाल तर नावापुढचे आकडे कधी कधी खरंच लागतात, कारण अनेक स्वस्त स्टिरिओ प्लेलिस्ट वाचतच नाहीत. पण ते आकडे पेनड्राइव्हवरच्या प्रतींना द्या, मूळ संग्रहाला नाही. तरीही क्रम चुकला तर तो स्टिरिओ नाव न बघता फाइली ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजवतोय असं समजा. पेनड्राइव्ह फॉरमॅट करून फाइली एकेक करून क्रमाने कॉपी करा, किंवा पेनड्राइव्हवरच्या फाइलींचा क्रम लावणारं फॅटसॉर्टसारखं साधन चालवा.

स्पॉटिफायवर असाल तर वरचं एक्सेलचं प्रकरण तुमच्या कामाचं नाही. तिथे डेस्कटॉपवर 'कस्टम ऑर्डर' निवडल्याशिवाय ओढणं चालत नाही, आणि लाइक्ड साँग्ज तर हाताने लावताच येत नाहीत. ती सगळी निवडून आधी नव्या प्लेलिस्टमध्ये टाका.