‘ग्लेझ’ला झिलई म्हणावं का?

प्रश्न असा: मध्ययुगीन इराकी-इराणी भांड्यांवरच्या लेखाचं भाषांतर करताना ‘ग्लेझ’ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) आणि ‘लस्टर’ (त्यावरची धातूसारखी चमक) या दोन्हींना झिलई चालेल का? आणि कथील घातलेल्या पांढऱ्या ग्लेझला कल्हई?

झिलई दोन्हीकडे नको. झिलई घासूनपुसून आणतात. वस्तू तीच राहते, फक्त चकाकते. ग्लेझ म्हणजे वेगळा थर, खरीखुरी काच. शिसं किंवा क्षार मिसळलेली वाळू भट्टीत वितळून भांड्यावर बसते. मी सरळ ‘काचलेप’ म्हणेन.

कल्हईचा मोह पडणारच, शब्दाचं मूळ अरबी ‘कलई’ म्हणजे कथीलच आहे. पण कल्हईवाला तांब्यावर धातू चढवतो. नवव्या शतकात बसऱ्याच्या कुंभारांनी काचेत घातलं ते कथिलाचं ऑक्साइड. त्याचे बारीक कण काचेत विरघळत नाहीत, प्रकाश विखुरतात, म्हणून लेप पांढराशुभ्र दिसतो आणि खालची पिवळट माती झाकली जाते. ‘कथिली काचलेप’ पुरे.

खरी गंमत लस्टरची. त्याला ‘सोनेरी मुलामा’ म्हणायचा मोह टाळा. त्यात सोनं नसतं आणि तो मुलामाही नसतो. एकदा भाजलेल्या काचलेपावर चांदी-तांब्याची संयुगं मातीत कालवून चित्र काढायचं आणि धूर कोंडलेल्या भट्टीत पुन्हा भाजायचं. भाजून झाल्यावर वरची माती पुसून टाकतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशा खापरीचा छेद पाहिला, तर धातू पृष्ठभागावर नाही, काचेच्या आत सापडतो. चांदी-तांब्याचे आयन सोडियम-पोटॅशियमची जागा घेत आत शिरतात आणि तिथे त्यांचे नॅनोमीटर मापाचे धातुकण बनतात. ही चमक त्या कणांची. ‘धातुझळाळी’ हा शब्द मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. जमत नसेल तर ‘लस्टर’च ठेवा, बिघडत नाही.

आणखी एक, न विचारलेलं. बाराव्या-तेराव्या शतकातल्या, इराणमधल्या काशान शहरच्या भांड्यांना ‘चिनी माती’ लिहू नका. कुंभारघराण्यातल्या अबुल कासिमने 1301 मध्ये त्यांची कृती लिहून ठेवली आहे: 10 भाग गारगोटीची पूड, 1 भाग काचपूड, 1 भाग पांढरी माती. चिनी पोर्सेलिनचा पाया केओलिन नावाची माती, इथे माती जेमतेम चवीपुरती. ‘गारमाती’ म्हणता येईल. फारसीत अशा फरशांना काशानवरूनच ‘काशी’ म्हणतात. तो शब्द ठेवलात तर तळटीप द्या, नाहीतर आपला वाचक थेट विश्वनाथाच्या दारात पोचेल.