तिच्या चार ओळी तू वाचल्याच नाहीस

मावशी, नमस्कार.
मी नाशिकची, वय चाळीस. आमच्या कवितेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी एक शब्द देतात, त्यावर लिहायचं. जळगावची एक मैत्रीण आणि मी मिळून जुगलबंदी करतो. आधी चार ओळी तिच्या, मग चार माझ्या. सगळ्यांना आवडायची. पण हल्ली मला काही सुचतच नाही. शब्दही तेच ते येतात, पाऊस, वाट, चंद्र. मी वेळेची पक्की आहे. नोकरी असल्यामुळे शब्द आला की माझ्या ओळी लिहून तयार ठेवते, तिच्या आल्या की खाली टाकते. आता तिनंही लिहिणं थांबवलंय, कारण सांगत नाही. 'उंबरठा' ही आमची शेवटची कविता, सोबत पाठवते. प्रेरणा कुठून आणू?
– आटलेली

आटलेली,

प्रेरणेचं नंतर बघू. 'तयार ठेवते' हे तू अगदी सहज, स्वतःचा गुण सांगावा तसं लिहून गेलीस, आणि मला राग आलाय तो त्याचाच.

मैत्रिणीच्या ओळी इथं मुद्दाम देते आहे, कारण तू त्या नीट वाचल्या आहेस असं मला वाटत नाही:

बोटभर उंच उंबरठा
आईला ओलांडवत नाही;
पाय उचलते, थांबते,
कुणाला हाकही मारत नाही.

आणि याच्या लगेच खाली तुझी माप ओलांडणारी नवरी. तोरण, सनई, कुंकवाची पावलं. ओळी बेतलेल्या आहेत, यमक चोख आहे. पण एका लेकीनं आपल्या आईचं थकलेपण तुझ्यासमोर ठेवलं आणि तू त्यावर वरात आणलीस. त्यानंतर तिनं लिहिलेलं नाही, आणि तू मला लिहितेस की ती कारण सांगत नाही!

शब्द शिळे झालेत ही तक्रार मी ऐकून घेणार नाही. सकाळचा शब्द तिच्यासाठी असतो, कारण सुरुवात तिला करायची असते. तुझ्यासाठी शब्द तिच्या ओळींतून यायला हवा. इथं तो समोर होता: हाकही न मारणारी आई. यावर काही सुचलं नसतं असं म्हणूच नकोस.

मिळून लिहिणं ही काही ग्रुपवाल्यांनी काढलेली गोष्ट नव्हे. जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या, खुंट्याला दोघींचे हात. एकीनं ओवी म्हटली की दुसरी ती उचलायची, आपल्या सुखदुःखाची जोड द्यायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. कलगी-तुऱ्याच्या फडातही सवाल समोरून पडायचा आणि जवाब त्याच सवालाला द्यावा लागायचा. घरून पाठ करून आणलेलं तिथं टिकत नसे, ऐकणारे लगेच ओळखायचे.

जपानी लोकांनी तर याचा पक्का नियमच केला. त्यांच्या रेंगा या प्रकारात एकानं 5-7-5 अशा मात्रांचं कडवं म्हणायचं, दुसऱ्यानं 7-7 चं जोडायचं, आणि असंच पुढे. 1488 साली सोगी, शोहाकू आणि सोचो या तिघांनी मिळून शंभर कडव्यांची अशी एक कविता रचली, ती आजही या प्रकाराचा नमुना म्हणून अभ्यासली जाते. त्यातला नियम तुझ्यासाठी सांगते. प्रत्येक कडव्याचा धागा त्याच्या लगेच आधीच्या कडव्याशी जुळलाच पाहिजे, पण त्याच्याही आधीच्या कडव्यापाशी परत जायचं नाही. म्हणजे आपल्या पाळीला काय लिहायचं हे आधीचा माणूस बोलेपर्यंत कुणालाच ठरवता येत नसे. रात्रभर विचार करून आणलेली सुंदर ओळ तिथं बिनकामाची. मला हा नियम फार आवडतो, कारण त्यात ऐकल्याशिवाय सुटकाच नाही.

तुला सुचत नाही याचं कारण मला इथंच दिसतं. तू दोन माणसांची कविता एकटीनं लिहीत होतीस. एकटीचा साठा कधीतरी संपतोच, त्यात तुझी प्रतिभा आटल्याचं काही लक्षण नाही. यमकावरचा तुझा हात बघता ती चांगली शाबूत आहे.

आता एकच कर. आज संध्याकाळी तिला फोन कर. मेसेज नको, फोन. कवितेचा विषय काढू नकोस, ग्रुपचाही नाही. 'आई कशा आहेत?' एवढं विचार आणि ती बोलेल तितकं बोलू दे, मध्ये तुझ्या आईची गोष्ट घालू नकोस. मग रात्री त्या नवरीच्या ओळी खोडून टाक आणि मैत्रिणीच्या चार ओळींखाली नव्या चार लिही. त्यात तिचा 'हाक' हा शब्द आला पाहिजे. यमक जुळलं नाही तरी चालेल. ग्रुपवर टाकू नकोस, फक्त तिला पाठव.

ती लगेच उत्तर देईल असं समजू नकोस, आणि 'वाचलंस का?' म्हणून मागेही लागू नकोस. आईचं सगळं हातानं करावं लागत असेल तर तिला फोन बघायला रात्रीचे अकराही वाजत असतील.

– मावशी