मेलबर्नला फराळ नेताना: आधी खसखस, मग पेढे, मग धणे-जिरे

आई-बाबा पुण्याहून निघून दुबईत दोन दिवस थांबणार, पुढे मेलबर्नला जाणार. सोबत फराळ, पेढे, गोडा मसाला आणि आंबेमोहोर न्यायचाय, काय चालेल, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी दुबईचं बघा, कारण तिकडे कोणाचं लक्षच जात नाही. खसखस अफूच्या बोंडातली, म्हणून अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. सौदी आणि सिंगापूरलाही तेच. आता आपला फराळ आठवा: अनारसे, करंजीचं सारण, घरचा मसाला, बऱ्याच बाकरवड्या. सगळीकडे ती असते. विकतच्या पाकिटामागची घटकांची यादी वाचा, घरचं करणार असाल तर खसखस वगळूनच करा. दुबईत बाहेर न पडता नुसतं विमान बदलणार असाल तरी मी ही जोखीम घेणार नाही.

ऑस्ट्रेलियात पेढे, बर्फी, गुलाबजाम, रसमलाई चालत नाही. दुकान कितीही नावाजलेलं असो. आपल्याकडे जनावरांत लाळ्या-खुरकूत आहे, तिथे नाही, आणि तो विषाणू दुधाच्या पदार्थांतून जाऊ शकतो.

लोक खरे अडकतात ते वाणसामानात. 2020 पासून तांदूळ, हरभरा, मूग, तूर, मसूर, धणे, जिरे, बडीशेप, कच्चे शेंगदाणे, सुक्या मिरच्या हे सामानातूनही नेता येत नाही आणि पार्सलनेही पाठवता येत नाही. पाकीट सीलबंद आहे म्हणून सूट मिळत नाही. कारण खपरा भुंगेरा, ही साठवलेल्या धान्यातली कीड: त्याची अळी फटीत लपून खाण्यावाचून वर्षानुवर्षं जगते, गोदामात शिरली की निघत नाही. म्हणजे आंबेमोहोर बाद. गोडा मसालाही मेलबर्नच्या भारतीय दुकानात घ्या, उगाच वाद नको. कारखान्यात तळलेल्या-भाजलेल्या मालाला यातून सूट आहे, त्यामुळे चकली, शेव, चिवडा कंपनीच्या बंद पाकिटातला, इंग्रजीत घटक छापलेला घ्या. घरच्या डब्याचं काय करायचं ते काउंटरवरचा अधिकारी ठरवतो. तो टाकून द्यावा लागला तर वाईट वाटणार नाही एवढाच न्या.

उतरताना भरायच्या कार्डावर खाद्यपदार्थांपुढे 'हो' लिहायचं, बिस्किटाचा पुडा असला तरी. सांगितलेली वस्तू चालत नसेल तर ती काढून घेतात, तेवढ्यावर भागतं. लपवलेली कुत्र्याने हुंगून काढली तर हजारो डॉलरचा दंड होऊ शकतो, आणि 2019 पासून पर्यटक व्हिसाही रद्द होऊ शकतो. न्यूझीलंडमध्ये असा जागेवरचा दंड 400 डॉलर आहे.

कोणी अमेरिकेला निघालं असेल तर तिथेही सामानातून तांदूळ नेता येत नाही, आणि ताजा कढीपत्ताही नाही. तो लिंबूवर्गातला, त्यावरची कीड लिंबू-संत्र्याच्या बागांत रोग पसरवते.

सगळं खाणं एकाच बॅगेत, वरच्या थरात भरा. पाकिटं फोडून स्टीलच्या डब्यांत ओतू नका. लेबल गेलं की आत काय आहे हे पटवून देणं अवघड होतं.